गिळताना दुखत नव्हतं, म्हणून

मंडळी, आज आवाज बसला म्हणून आकुर्डीत डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पहिलंच विचारलं, “गिळताना दुखतं का?”

“नाही.”

“मग घसा नाही, स्वरयंत्र सुजलंय. गुळण्या तिथवर पोचत नाहीत. बोलणं बंद ठेवा. तीन आठवड्यांत आवाज सुटला नाही, तर आत गाठ नाही ना, ते बघावं लागेल.”

मला बहात्तर साल आठवलं. माझे वडील, दादा, चिंचवडला कंपनीत प्रेस शॉपला होते. मशिनांच्या धडधडाटात अख्खी शिफ्ट ओरडून बोलायचे. त्यांचा आवाज गेला, तेव्हा आई सहा महिने मिठाच्या गुळण्या देत राहिली. दादा भाकरी नीट गिळायचे, म्हणून आम्ही निर्धास्त.

शेवटी दादा माझ्या शाळेच्या पाटीवर लिहून बोलायचे. एकदा लिहिलं, “दुखत नाही गं. काळजी करू नको.”

आम्ही खरंच केली नाही, आणि दादा गेले. तुम्ही असतात तर काय केलं असतं?