नादारीची पोरं

"नादारीची पोरं मागच्या दारानं या," हेडमास्तर म्हणाले.

शाळेच्या चेअरमनांच्या मुलाची मुंज होती. नादारी म्हणजे गरिबाच्या पोराला सरकारनं माफ केलेली फी. तासगावच्या त्या शाळेत आम्ही काहीजण तिच्यावर शिकत होतो. आम्हाला वाटलं, जेवायला बोलावलंय. आईनं माझा एकुलता सदरा धुऊन चुलीपाशी वाळवून दिला होता.

मागं गेल्यावर कळलं. उष्ट्या पत्रावळ्या उचलायच्या होत्या.

पंगतीत वर्गातलीच पोरं. माझ्या बाकावरचाही होता. मी त्याच्यापुढं वाकलो तशी त्यानं मान फिरवली. ओळखच नसल्यागत. हेडमास्तर शांतपणे ताक पीत होते. सदऱ्यावर वरण सांडलं. लाज त्यांना वाटायला पाहिजे होती. वाटली मला. माझी, सदऱ्याची, तो धुणाऱ्या आईची.

घरी आलो तर आई शेजारणीला सांगत होती, "चेअरमननी पोराला जेवायला बलावलं व्हतं." मग मला म्हणाली, "काय काय व्हतं रं?"

मी एकेक पदार्थ सांगत गेलो. सगळे तोंडपाठ होते. सगळ्यांचं उष्टं बघितलं होतं.

पुढं चेअरमनांकडं बारसं निघालं. पुन्हा निरोप. मी गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी वर्गात उभं केलं. "फुकट शिकतोस. कामाला यायला नको?"

मी म्हणालो, "फी सरकारनं माफ केलीया, गुर्जी. चेअरमननी न्हाई."

"मग तुझी नादारी बंद."

आई पानमळ्यातून आल्यावर तिला सगळं सांगितलं. मुंजीचंसुद्धा. ती भिंतीला टेकून खाली बसली. मग म्हणाली, "आता शेजारणीला कसं तोंड दावू मी?"

राबून आलेली बाई. तिनं काय केलं होतं? उष्टं टाकणारे ताठ चालत होते आणि मान खाली आम्ही घालायची. त्या क्षणी माझी लाज आटली. अंगात नुसता जाळ राहिला.

सकाळी शाळेत जाऊन बाकावर बसलो.

"ऊठ. फी आण, मग बस," हेडमास्तर म्हणाले.

"न्हाई उठत."

छडी बसली. दप्तर बाहेर भिरकावलं. मी गेलो, पाटी-पुस्तक गोळा केलं, परत येऊन तिथंच बसलो. उद्या पुन्हा मारतील, हे माहीत होतं. उद्या पुन्हा यायचं, हेही ठरलं होतं.