ताईच्या हृदयाचा फोटो

माझी थोरली बहीण लहानपणापासून अंगानं भरलेली. काटोलला संत्र्याच्या व्यापाऱ्याकडे दिली, तर सासू चारचौघांत म्हणायची, "आमच्या सुनेले रिक्षा नाही, बैलबंडी लागते." ताई हसून चहा टाकायला उठायची. सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा तिला धाप लागू लागली, पाय सुजले. औषध एकच सांगितलं गेलं, कमी खा.

शेवटी मीच तिला बसनं नागपूरच्या इस्पितळात आणलं. हाताच्या शिरेतून नळी घालून औषध सोडायचं, ते हृदयात पोचलं की क्ष-किरणांत हृदय उठून दिसतं, असं सांगितलं होतं. बाहेर आली तेव्हा ताई घामानं भिजली होती.

"आंगातून आग गेली वं, माय," ती म्हणाली.

डॉक्टरांनी फिल्म उजेडापुढे धरली. सगळं राखेसारखं, कशाचीच कड दिसेना.

"चरबीमुळे काही कळत नाही. वजन उतरवून या."

"औषध कमी पडलं का?" मी विचारलं.

"औषध सगळ्यांना तेवढंच देतो आम्ही."

ताई शेजारीच उभी होती.

घरी गेल्यावर तिनं अर्ध्या भाकरीवर दिवस काढायला सुरुवात केली. गाल बसले, डोळे खोल गेले. सासूनं पहिल्यांदा कौतुक केलं, "आता कशी चांगली दिसून राहिली!" वजनाचा काटा मात्र हलेना. अंगात पाणी साचत होतं.

वर्षभरानं दुसऱ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आधी तिचं वजन केलं, त्यावरून औषध वाढवलं. मला म्हणाले, "मोठ्या शरीरात रक्तही जास्त. तेवढंच औषध त्यात पातळ होऊन जातं." या वेळी फोटो स्वच्छ आला. लहानपणी येऊन गेलेल्या सांधेतापानं हृदयाची झडप आकसली होती. शस्त्रक्रिया आधी झाली असती तर जमलं असतं. आता हृदय पार थकलं होतं.

ताईनं वेगळंच विचारलं. "म्हंजे हे खाऊन खाऊन नाही ना झालं, डॉक्टरसाहेब?"

"मुळीच नाही."

तिनं माझा हात धरला. "घरी सांगजो वं हे."

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. तेरवीला सासू बायांना सांगत होती, "आंगानं लय होती ना, तिचं हृदय पुरलं नाही."

मी पंगतीत उभी राहिले आणि झडपेचं, औषधाचं, अर्ध्या भाकरीचं सगळं सांगितलं.

"जाऊ दे वं, आता काय त्याचं," सासू म्हणाली आणि वाढणाऱ्याला हाक मारली, "इकडे वरण आण गा."