ओट्सचा चिवडा

ब्रह्मा घाटावर आमच्या समोर राहणारे काका रेल्वेतून रिटायर झाल्यापासून गल्लीला ओट्स शिकवतात. कचोरीच्या रांगेत कोणी ओळखीचं दिसलं की थांबतात. "त्या तेलात काय ठेवलंय? ओट्समध्ये फायबर असतं, पोट भरलेलं राहतं, शुगर एकदम चढत नाही. समझे ना?" हे सगळं खरं आहे. रांगेतून कोणी हलत नाही.

काकूंना शुगर होती. सकाळी ओट्सची लापशी, संध्याकाळी ओट्सचा चिवडा. "हिला फार आवडतो," काका सांगायचे. काकू आमच्याकडे बघून हसायच्या.

काकूंच्या दहाव्याला काकांनी पिंडाशेजारी तोच चिवडा ठेवला. कावळे कठड्यावर बसून राहिले. काही इच्छा राहिली असेल म्हणून मुलाने घर सांभाळायचं वचन दिलं, लेकीने बाबांना सांभाळायचं. एकही कावळा हलला नाही. ऊन चढलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, तेव्हा काका उठले, गल्लीत गेले आणि द्रोणात एक गरम कचोरी घेऊन आले. चिवडा बाजूला सारून त्यांनी ती पिंडाजवळ ठेवली.

कावळा लगेच उतरला.

काकांनी हात जोडले. "बरं," ते म्हणाले, "पण रोज नको हं."