दादाची शेवटची मॅच बघायला कुवेतला

कुवेतला फिरायला कोण जातं? लोक दुबईला जातात, सिंगापूरला जातात. आमच्या गुहागरकडून कुवेतला जातात ते कामाला. पण २००७च्या जानेवारीत मी आणि वहिनी व्हिजिट व्हिसा काढून चक्क एक क्रिकेटची मॅच बघायला तिकडे गेलो. घरात सगळ्यांनी आम्हाला वेड्यात काढलं, ते सोडा.

माझा थोरला भाऊ, बाळादादा, १९९१च्या आखाती युद्धानंतर पडझड झालेलं कुवेत पुन्हा उभं करायला जी माणसं गेली त्यांतला. एसीचे डक्ट बसवायचं काम. दोन वर्षांतून एकदा घरी यायचा. शुक्रवारच्या आठवडी सुट्टीतल्या टेनिस बॉल क्रिकेटमध्ये तो तिकडे फार मोठं नाव आहे, हे सुट्टीवर आलेली मुलं सांगायची. दादाच्या तोंडून त्याबद्दल कधी चकार शब्द निघाला नाही. आता तो कायमचा परत येणार होता आणि त्याआधी पोरांनी त्याची निरोपाची मॅच ठेवली होती. दादा आता फोरमन झाला होता, त्यामुळे आमचा व्हिसाही निघाला.

वहिनीनं जायचा हट्टच धरला. म्हणाली, "वन्सं, लग्न झाल्यापासून बायका विचारतात, नवरा तिकडे एवढी वर्षं करतो काय? मी सांगते, काम. मग त्या गालात हसतात. ते हसणं मला कळतं. तिथे आपलं कोण बघणारं नसताना हा माणूस कसा राहिला, ते एकदा मला बघू दे." यावर मी काय बोलणार? सोबत म्हणून निघाले.

पहिली सूचना: जानेवारीत जाणार असाल तर स्वेटर न्या. वाळवंट म्हटल्यावर आम्ही सुती कपडे भरले आणि विमानतळाच्या बाहेर येताच दोघी कुडकुडायला लागलो. दादा न्यायला आला होता. त्यानं आपलं जॅकेट काढलं, जरा घुटमळला आणि मग बायकोला दिलं. मला कोण विचारतंय.

उतरलो शहराबाहेरच्या महबूल्याला, दादाच्या एका मित्राच्या फ्लॅटमध्ये. मित्राचं कुटुंब गावी गेलेलं. दादा एरवी सात-आठ जणांबरोबर बॅचलर खोलीत राहायचा. महबूला म्हणजे इमारतींना इमारती लागलेल्या, खाली किराणा दुकानं, कढीपत्त्यापासून कोकमापर्यंत सगळं मिळतं. शहरात जायला बस स्वस्त आणि चांगली, फक्त थांबते कुठे ते आधी विचारून ठेवा. गुरुवारी फहाहीलचा मासळीबाजार बघितला. तिथे पापलेटला झुबेदी म्हणतात. वहिनीनं कोळणीशी करावी तशी मराठीत घासाघीस केली आणि अरबी विक्रेत्यानं हसत हसत एक मासा जास्त टाकला. त्या रात्रीचं तिकलं, म्हणजे आमच्याकडचं माशाचं तिखट कालवण, दादाच्या सगळ्या खोलीनं हात चाटून खाल्लं.

शुक्रवारी सकाळी अबू हलीफाच्या जवळचं मोकळं मैदान. मैदान म्हणजे वाळू आणि मध्ये खिळे ठोकून ताणलेली काथ्याची मॅट. समोरचा संघ दापोली-हर्णैकडच्या मुसलमान मंडळींचा. त्यांचे कप्तान मुश्ताकभाई, तिथल्या राई नावाच्या भागात त्यांचं गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान. त्यांनीच आम्हाला खुर्च्या आणून दिल्या. "भाभी, आज बाळाशेठची बॅटिंग पोटभर बघा," म्हणाले.

इथली एक पद्धत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. तिसरा माणूस मिळत नाही, म्हणून अंपायर बॅटिंग करणाऱ्या संघाचाच असतो. साहजिकच दर शुक्रवारी भांडणं. शेजारी बसलेला दादाच्या खोलीतला सुभाष सांगत होता, "ताई, आमच्यात घरचा अंपायर बोट वर करतच नाय. पण बाळादादा, बॉल बॅटला चाटून कॅच गेला की आपणच चालायला लागायचा. पहिले आम्ही शिव्या घातल्या. आता त्याच्यामुळं सगळेच तसं करतात." वहिनी खुर्ची पुढे ओढून ऐकत होती.

दादा बॅटिंगला आला. पोट सुटलेलं, गुडघ्याला पट्टा. पण दुसराच बॉल त्यानं असा भिरकावला की थेट रस्त्यापलीकडे. वहिनीनं टाळ्या वाजवल्या, मग लाजून पदर सावरला. नंतरचा बॉल उंच उडाला, मुश्ताकभाईंच्या अगदी हातात. आणि सुटला. पुढचा पुन्हा तिकडेच, सोपा. मुश्ताकभाई खालीच पडले, नाटकात पडतात तसे. बॉल बाजूला. सगळे हसले. बायको गावाहून आली आहे, तिला नवऱ्याची बॅटिंग दिसावी, एवढाच त्यांचा हेतू.

दादानं बॅट बगलेत मारली आणि चालायला लागला.

त्याचाच अंपायर ओरडला, "दादा, कुठे चाललात? नॉट आऊट आहे!"

"मुश्ताक," दादा थांबून म्हणाला, "इतक्या वर्षांत तू माझा एक कॅच सोडला नाहीस. आज घरची माणसं बसलीत म्हणून सोडतोस? मग त्यांनी बघायचं काय?"

मुश्ताकभाई उठले, कपडे झटकले आणि येऊन दादाला मिठी मारली. म्हणाले, "गलती झाली, शेठ." आमचा संघ हरला, तेही सपशेल. चहा-समोशाच्या वेळी सुभाष कुरकुरत होता, "दोन ओव्हर थांबला असता तर जिंकलो असतो. ह्या माणसाचं हेच वाईट." मुश्ताकभाईंकडचे म्हणत होते, बाळाशेठ गेल्यावर आता मैदानात पुन्हा भांडणं सुरू होतात की काय. कुणी त्याचे छक्के आठवत होतं, कुणी त्याचं चालत जाणं. दादा मान खाली घालून समोसा खात होता. वहिनी डोळे पुसत होती आणि धूळ गेली म्हणून सांगत होती.

पुढचे दिवस समुद्रावर, बाजारात छान गेले. आठवड्याभरानं आम्ही गावी परतलो. खजूर वाटायला लागले तशा शेजारच्या काकू आल्या. वहिनीला म्हणाल्या, "काय गो, बघून आलीस? नवरा तिकडे करतो तरी काय?" आणि गालात हसल्या.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. वहिनीनं मला हातानं गप्प केलं आणि काकूंना पाट दिला.

"बसा," ती म्हणाली. "सगळं सांगते. पण आधी मला सांगा, क्रिकेटमधलं काय काय समजतं तुम्हाला?"