बॅटरी काढल्यावरची टक्

चादरीची दोन टोकं वहिनींच्या हातात, दोन भावजींच्या. एक घडी पडली होती. दुसरी पडायच्या आतच वहिनी थबकल्या आणि मान कलती करून ऐकू लागल्या.

भावजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर, घड्याळं दुरुस्त करणारे. कुणी काही सांगितलं की डोळ्यावरचं भिंग न काढता ते "एक सेकंद" म्हणायचे, म्हणून सगळी गल्ली त्यांना सेकंदच म्हणे. हाताला गुण असा, की घड्याळ उचलून आणावं आणि चालत घरी न्यावं. राहिलं ते घरचंच, थोरल्या भावाच्या जुन्या मोटारीतलं.

"अरे, मी वर जायच्या आधी तरी बघ."

"एक सेकंद, दादा."

त्या सेकंदात सहा महिने गेले आणि दादाही गेला. मग दुसऱ्याच आठवड्यात सेकंदांनी ते घड्याळ डॅशबोर्डातून उपसलं, आतली काजळलेली टोकं घासली आणि चालू करून परत जागेवर बसवलं.

त्या घड्याळाला किल्ली नसते. आतली छोटी स्प्रिंग दोनेक मिनिटांत उलगडते. उलगडली की धातूची दोन टोकं एकमेकांना टेकतात, बॅटरीतली वीज लोहचुंबकात शिरते आणि तो एका फटक्यात स्प्रिंग पुन्हा आवळतो. टक्. गाडी उभी असली तरी हे चालूच. बॅटरी उतरली मात्र की फटका तोकडा पडतो, टोकं चिकटून जळतात.

पहिल्यांदा ती टक् मोटारीच्या शेडमधून स्वयंपाकघरात आली, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "हे बोनेटवर बोट वाजवायचे ना, तसंच. बोलावतायत." आणि कितीतरी दिवसांनी त्या दोन घास जेवल्या. खरं सांगायला उघडलेलं तोंड सेकंदांनी मिटलं, ते वर्षभर. खोटं बोललं तर देव विचारील. पण गप्प बसलं तर? दर महिन्याला वहिनी देवापुढे बसल्या की ते गुपचूप बॅटरी सायकलला बांधून चार्जिंगला टाकून यायचे. आजही सकाळी आठला काढून नेली होती.

"वाजलं," वहिनी म्हणाल्या.

सेकंदांच्या हातातली चादरीची टोकं ओघळली. "वहिनी, मला एक सांगायचंय."

"बॅटरीचं ना? माहितीय मला. तुम्ही नेता, आणता. इतकी का मी भोळी?"

"मग?"

"बॅटरी असते तेव्हा घड्याळ वाजतं, भावजी. मी ऐकते ते ती नसते तेव्हाचं."

सेकंद शेडमध्ये गेले. वायरी मोकळ्या लोंबत होत्या. काटे आठ वाजून दोन मिनिटांवर उभे, जिथे असायला हवे तिथेच. त्यांनी घड्याळाच्या काचेला कान लावला. स्प्रिंग मेलेली. ते सुटकेचा श्वास घेऊन वळले, आणि पाठीमागे, बोनेटवर, टक्.

ते वळून बघेनात. घरात आले तेव्हा वहिनी एकट्याच चादरीशी झटत होत्या.

"ऐकलंत?"

"ऐकलं."

"काय म्हणाले?"

"अजून थांबलेत, वहिनी."

पायात चपला सरकवून त्यांनी सायकल काढली. बॅटरी लावलेली असली की त्या आवाजाला निदान कारण तरी असतं. चार्जिंगचं दुकान एकला बंद व्हायचं. त्याआधी ती घेऊन यायची होती.