आधी दोर, मग पट्टा

मला लोक रागीट म्हणतात, आणि मी नाही म्हणत नाही. खांबावर चढणाऱ्यांना शिकवायचं काम गोड बोलून होत नाही. वर माणूस चुकला की तो खाली येऊन तुमची माफी मागत नाही, सरळ खालीच येतो. त्यामुळे खांबाखाली उभं राहून ओरडणं हा माझा धंदाच झाला होता.

साठ सालानंतरची दोन-तीन वर्षं मी नवापूरच्या बाजूला होतो. विजेच्या तारा त्या भागात नुकत्याच येऊ लागल्या होत्या. मी तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याच्या घरातला. घरात केळी, कापूस, आणि मी शिकून काय करतो, तर खांबावर चढतो! वडील पाहुण्यांना सांगायचे, "सरकारी नोकरीत शे," आणि विषय बदलायचे. खांबावर कमरेला बांधायचा माझा चामड्याचा पट्टा आईने कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. तो बाहेर गोठ्यातल्या खुंटीला टांगलेला असायचा.

खांडबाऱ्याला स्टेशनच्या मागे एक मोकळं रान होतं. तिथे आम्ही सरावासाठी चार खांब उभे केले होते. खड्डे खणायला लावलेल्या मजुरांतले अकरा जण माझ्याकडे शिकायला दिले होते. त्यांतल्या सहा जणांना खातं कायम करणार होतं. शनिवारी धुळ्याहून साहेब येणार, परीक्षा घेणार आणि नावं ठरणार.

सगळे नवापूरच्या डोंगराकडच्या गावांचे. घरी त्यांची वेगळी बोली, माझ्याशी मात्र बाजारात शिकलेली अहिराणी. त्या बोलीत साहेब काय नि शिपाई काय, सगळ्यांना 'तू'. पहिल्या दिवशी मला ते टोचलं, दुसऱ्या दिवशी आवडायला लागलं.

अकरांत एक जण होता पस्तिशीचा, ताडी काढणारा. त्याला आम्ही सगळे ताडवालाच म्हणायचो. काय चढायचा तो! पायात दोराचं एक कडं अडकवायचा आणि बघता बघता टोकाला. दोराच्या गाठी तर अशा मारायचा की मीच दोन त्याच्याकडून शिकून घेतल्या. पावसाळा संपला की हा बायको-पोरांना घेऊन सुरतेकडे मजुरीला जायचा. पहिल्याच दिवशी त्याने मला विचारलं होतं, "कायम व्हयनू तं गावमाच ऱ्हावानं ना?" मी हो म्हटल्यावर त्याने तेच पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. पोरगी शाळेत बसली होती, आणि दर साली दिवाळीनंतर तिचं नाव निघायचं. त्याला नोकरी कशासाठी हवी होती ते असं स्वच्छ होतं.

आणि हाच बाबा पट्टा लावीना!

कमरेभोवती घ्यायचा, वर जायचा, आणि खांबाभोवतून पट्टा फिरवून आकडा कडीत अडकवायची वेळ आली की हात थांबायचे. पट्टा नुसता लोंबत ठेवून पायांच्या जोरावर उभा. मी खालून घसा फोडतोय, "आकडा लाव! अरे मोठा शहाणा लागून गेलास का?" तो वरून शांतपणे म्हणायचा, "मी पडस नही."

दुसरी भानगड याहून विचित्र. वर शॉक बसून लटकलेल्या माणसाला खाली कसं आणायचं, त्याचा सराव आम्ही वाळू भरलेल्या पोत्यावर करायचो. पोत्याला जुना खाकी सदरा, कमरेला पट्टा, आणि पट्ट्यानेच ते खांबाला टांगलेलं. पोरांनी त्याचं नाव पाहुणा ठेवलं होतं. रीत सोपी होती. वर जायचं, पाहुण्याच्या काखेखालून दोर बांधायचा, दोर वरच्या लोखंडी पट्टीवरून खाली सोडायचा, खाली दोघांनी तो ताणून धरायचा आणि मगच पाहुण्याचा पट्टा सोडायचा. आधी दोर, मग पट्टा. दिवसातून पन्नास वेळा मी हे त्यांच्याकडून म्हणून घ्यायचो.

ताडवाला वर पोचला की दोराकडे बघायचाही नाही. दोन्ही हातांनी थेट पाहुण्याच्या पट्ट्यावर तुटून पडायचा. आकडा निघाला की धप्प! पाहुणा जमिनीवर. पोरं हसून लोळायची. "मारी टाकं पाहुणाले! रोज मारस!" मी वर बघून ओरडायचो, "मेला तो! तुझ्या हाताने मेला!" तीन दिवसांत पाच वेळा त्याने पाहुणा पाडला, आणि पाचही वेळा मी तेच वाक्य ओरडलो. आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

राग होताच, पण त्याहून जास्त मला नवल वाटत होतं. गाठीत हुशार, चढण्यात हुशार, सांगितलेलं एकदा ऐकून लक्षात ठेवणारा माणूस इथेच का अडतो? माझं डोकं तिथेच फिरत राहिलं. जेवताना, सायकलवर, कुठेही. आईची खुंटी आठवून मी त्याला विचारलं, चामड्याचं वावडं आहे का? तो खो खो हसला. म्हणाला, चामड्याचेच तर ढोल वाजवतो आम्ही. मग विचारलं, देवाची काही मनाई? "देव कसाले मनाई करी?" त्याने उलट मलाच विचारलं. शेवटी वाटलं, नुसती मिजास असेल. चांगला चढणारा माणूस पट्टा लावण्यात कमीपणा मानतो, असं मी पाहिलं होतं. पण मिजासखोर माणूस पाहुणा पाडल्यावर खाली येऊन त्याला उचलून नीट बसवत नाही. हा प्रत्येक वेळी बसवायचा.

गुरुवारी दुपारच्या सुट्टीत बाकीचे चहा प्यायला स्टेशनवर गेले. तो खांबाजवळच बसून राहिला. मी शेजारी जाऊन बसलो आणि पहिल्यांदाच आवाज न चढवता म्हटलं, "परवा साहेब येतील. तू असंच केलंस तर मला तुझं नाव खोडावं लागेल. मला ते खोडायचं नाहीये. काय होतं तुला तिथे, सांग तरी."

तो म्हणाला, "मन्हा बापले चक्कर ये."

बाप पण ताडीच काढायचा. म्हातारपणी वर गेल्यावर डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली, पण ऐकेना. तेव्हा यानेच युक्ती काढली. बापाला वर पोचवायचं आणि कमरेभोवती दोर घालून ताडाला पक्कं बांधून द्यायचं, म्हणजे चक्कर आली तरी पडणार नाही. थोडक्यात, माझा पट्टाच त्याने माझ्या आधी शोधून काढला होता. दोन हंगाम झकास चाललं. तिसऱ्या हंगामात एके सकाळी कुठूनसं आग्यामोहोळ उठलं. बाप वर बांधलेला. कोयता त्याच्या हातातून निसटून खाली झुडपांत हरवलेला. हा त्या माशांतून वर चढला. पण म्हाताऱ्याने सुटायची धडपड करून करून गाठ आवळून टाकली होती. याने नखांनी ओढली, दातांनी ओढली. समोरचा अर्धा दात तेव्हाच गेला, त्याने ओठ वर करून मला दाखवला.

"ती गाठ मन्हा हातनी व्हती," तो म्हणाला. "पक्की मारेल व्हती. सुटनी नही."

'तुझ्या हाताने मेला,' हे मी या माणसाला पाच वेळा ओरडून सांगितलं होतं. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "मन्हं चुकनं." तो म्हणाला, "तुले काय माहीत?"

मग मी माझा पट्टा काढून त्याच्या मांडीवर ठेवला. आकडा कसा दाबायचा, कितीही ताण आला तरी तो कसा आवळत नाही, एका हाताने कसा सुटतो, ते दाखवलं. त्याने उजव्या हाताने उघडला, डाव्या हाताने उघडला, डोळे मिटून उघडला. चहा पिऊन बाकीचे परत आले तरी त्याचं चालूच होतं. मधेच त्याने विचारलं, "आकडा अटकी गया तं?"

याचं उत्तर माझ्या पुस्तकात नव्हतं. मी बाजारातून अकरा चाकू आणले आणि प्रत्येकाच्या पट्ट्याला दोरीने बांधून दिले.

शनिवारी साहेब आले, तेव्हा आधी चाकूच त्यांच्या नजरेला पडले. "हे काय? कोणत्या नियमात बसतं हे?" मी म्हटलं, "नियमात नाही साहेब, पण असू द्या. पट्टा अडकला तर कापायला." त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि घड्याळ हातात घेतलं.

ताडवाल्याची पाळी आली. तो खांबापाशी जाऊन उभा राहिला आणि वर चढेचना. मी जवळ गेलो. तो हळूच म्हणाला, "पट्टा पहिलांदा तू लाव. मन्हा हाते लागत नही."

मी त्याच्यासोबत वर गेलो. शेकडो माणसांना शिकवलेला आकडा लावताना माझीच बोटं घसरली. कडीत बसल्याचा 'टक' आवाज आला, तेव्हा त्याने डोळे गच्च मिटले होते. मी खाली उतरलो.

मग त्याने पाहुण्याकडे हात नेले, आणि ते सरळ पट्ट्यावर गेले. खाली कुणी हसलं नाही. मीही ओरडलो नाही. किती वेळ ते हात तिथेच होते! मग एक हात सुटला आणि दोराकडे गेला. त्याने पाहुण्याच्या काखेखालून दोर घेतला, गाठ मारली, ती ओढून पाहिली, परत ओढून पाहिली. दोर खाली आला. रोज हसणाऱ्यांतल्या दोघांनी तो धरला. तेव्हा कुठे त्याने आकडा दाबला.

पाहुणा पडला नाही. दोरावर झुलत हळूहळू खाली यायला लागला. वरून ताडवाला ओरडत होता, "धीरे! धीरे ल्या त्याले! डोकं संभाळा!" आणि खालच्यांनी ते वाळूचं पोतं खरोखर डोक्याखाली हात देऊन जमिनीवर निजवलं. मी तोंड फिरवून डोळे पुसले. साहेबांनी पाहिलं असेल तर पाहिलं!

"फार वेळ लावला याने," साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले.

"लावला, साहेब. पण माणूस जिवंत उतरला."

साहेबांनी एकदा पोत्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर खूण केली. मी वाकून बघितलं. नाव राहिलं होतं.

वर ताडवाला अजून पट्ट्यात उभा होता. आकडा सोडून द्यायला मी खांबाला हात लावला. त्याने वरूनच मला थांबवलं.

"राहू दे," तो म्हणाला. "आते मी सोडस."