सरळ चिमणीचं वाकडं चित्र

कापसाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी अब्बा दर वर्षी जिनिंग फॅक्टरीच्या चिमणीवर चढायचे. जुन्या काळची विटांची उंच चिमणी. तिच्यातून धूर निघताना मी कधी पाहिला नाही, पण दारव्ह्याकडून कापूस घेऊन येणाऱ्या गाड्यांना जिनिंग लांबूनच ओळखू यावं म्हणून मालक तिच्यावर मोठ्या अक्षरांत नाव रंगवून घ्यायचे. अब्बा आमच्या गावचे पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकांच्या मागचे शेर, सगळं त्यांच्या हातचं. पण स्वतःला ते समजायचे चिमणीवाला. भिंतीत रोवलेल्या लोखंडी पायऱ्यांनी वर जायचं, टोकाच्या कडीला दोर बांधायचा, फळीवर बसायचं आणि एकेक अक्षर रंगवत खाली यायचं. कमरेचा पट्टा कडीला अडकेपर्यंत माणूस नुसता हातापायांच्या भरवशावर असतो.

त्या वर्षी अम्मीनं मोडता घातला. उन्हाळ्यात वादळ झालं होतं आणि जिनिंगच्या गोदामाची टिनं उडाली होती. तेव्हापासून तिचं एकच चाललं होतं: चिमणी ढिली झाली, यंदा चढू नका. अब्बांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मग ती माझ्याकडे वळली. मी लग्नांचे व्हिडीओ करते, आणि त्यासाठी दुसऱ्याचा वापरलेला एक ड्रोन घेतला होता.

"तुह्या भुंग्याले पाठव वर," अम्मी म्हणाली. "पाह्य, चिमणी कशी हलून राह्यली ते. आन दाखव तुह्या अब्बाले."

भीती मलाही होतीच. साठीच्या पुढचा माणूस, आणि खाली सिमेंटचं अंगण. एखादी पायरी निखळली किंवा वरची कडी उपटली तर पुढचं बोलायलाच नको. खालून कितीही मान वर केली तरी त्या कडीचं काही दिसत नाही. म्हणून अब्बा चढणार त्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी मी जिनिंगच्या अंगणात गेले आणि ड्रोन वर नेला.

घरी येऊन व्हिडीओ मोठ्या पडद्यावर लावला. चिमणी नाचत होती. तिच्या दोन्ही कडा, ज्या ओळंब्यानं बांधल्या असणार, त्या सापासारख्या वळवळत होत्या. विटांच्या रांगा लाटा मारत होत्या. कडी एका क्षणी सरळ, दुसऱ्या क्षणी तिरपी.

अम्मी मागे उभी होती. मी घाबरले होते, आणि ती मात्र खूश दिसली. मला तेव्हा ते खटकलं, पण विचारायला सवड नव्हती.

"बस्स," ती म्हणाली. "हेच दाखव."

"अम्मी, हे खरं नाही. शेजारचं गोदामही नाचून राह्यलं, पाह्य ना. कॅमेऱ्याची थरथर आहे ही."

"तुह्या अब्बाले काय समजते? दाखव तू."

मी नको म्हणत होते तरी तिनं जेवायला बसलेल्या अब्बांपुढे माझा लॅपटॉप नेऊन ठेवला. अब्बांनी घास हातात धरून पाहिलं आणि हसले.

"चिमणी अशी नाचली असती त गावाले इटा गोळा करा लागल्या असत्या," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "नाचता येईना अंगण वाकडं, बेटा. तुही मशीन बिघडली हाय."

"मशीन दुरुस्त करते. तोवर थांबा."

"खाली उभं राहून वरचं पाहाचं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकनं. मी उद्या सकायी चढतो."

हात दाखवून अवलक्षण झालं. आमच्या खोट्या व्हिडीओनं ते उलट जास्तच हट्टाला पेटले होते. मला अम्मीचा राग आला आणि त्याहून जास्त ड्रोनचा. संध्याकाळ पडायच्या आधी मी त्याला चटईवर उताणा पाडला.

हा कॅमेरा सगळं चित्र एका दमात टिपत नाही. वरून खाली, एकेक ओळ करत येतो. तेवढ्या वेळात पंख्यांनी जराशी थरथर दिली की वरची ओळ एकीकडे, खालची दुसरीकडे, आणि सरळ रेघ वाकडी. लग्नात हे कुणाच्या ध्यानात येत नाही; मांडव, फुलं, नाचणारी माणसं, सगळंच हलत असतं. चिमणी मात्र लपवू देत नाही. आधी मी सोपा मार्ग धरला, कॉम्प्युटरवर थरथर काढून पाहिली. चित्र आणखी बिघडलं. वाकडी टिपलेली चिमणी सरळ करता करता आभाळच फाटायला लागलं. मुळात थरथर थांबवल्याशिवाय सुटका नव्हती.

एका पात्याची कड चिरली होती. चारही पाती बदलली. एका मोटारीच्या मुळाशी कापसाच्या रुईचे तंतू गुंडाळून त्यांची तुरीच्या दाण्याएवढी गाठ बसली होती. जिनिंगच्या अंगणातून उडवल्यावर दुसरं काय होणार. सुईनं उकरून ती काढली. कॅमेरा ज्या चार रबरी ठोकळ्यांवर टांगलेला असतो त्यातला एक भोकातून निसटला होता, म्हणजे मोटारीचा हादरा थेट कॅमेऱ्यात जात होता. तो चिमट्यानं ओढून जागी बसवला. आणि पेटीच्या तळाशी कॅमेऱ्यापुढे लावायची गडद काच पडून होती, आमच्याकडची लग्नं संध्याकाळची म्हणून कधी न लागलेली. भर उन्हात कॅमेरा फार झटपट टिपतो आणि प्रत्येक बारीक हादरा जसाच्या तसा पकडतो. ती काच लावली; तिच्यातून त्याला सावकाश पाहावं लागतं आणि बारीक हादरे विरून जातात.

अम्मी चहा ठेवून गेली. "कायले इतकी धडपड करतं," म्हणाली. "काल्चाच फोटो बरा होता." तो काल नव्हे, आजच दुपारी काढला होता, पण मी तिला सुधारत बसले नाही.

सकाळी आम्ही तिघं जिनिंगमध्ये गेलो. वारा पडलेला होता. मी म्हटलं, अब्बा, मी आधी कडी पाहते, मग चढा. ते पायऱ्यांपाशी गेले, बिस्मिल्ला म्हणाले आणि पहिली पायरी धरली.

"तू उडव. मी चढतो."

त्यांच्या कमरेला बारीक दोर बांधलेला असतो, रंगाचा डबा वर ओढायला. त्याचं खालचं टोक दर वर्षी अम्मीच्या हातात. वर गेलेला माणूस खाली पाहत नाही, हाक मारली तरी वळत नाही, हा अब्बांचाच नियम. दोनदा हलकेच ओढलं की खाली ये, एवढीच खूण. अम्मीनं दोर धरला. तिचे ओठ हलत होते.

मी ड्रोन अब्बांच्या विरुद्ध बाजूनं, बराच लांब ठेवून वर नेला. पडद्यावर चिमणीची कड आली आणि मी ती पाहतच राहिले. पट्टी ठेवून रेघ मारावी तशी सरळ. विटा जागच्या जागी. टोकाला गेले, कडीवर कॅमेरा थांबवला. गंज होता, पण वरवरचा. मुळाशी सिमेंट घट्ट, एक चीरसुद्धा नाही. दुसऱ्या बाजूनं पाहिलं. तिथेही तेच.

जीव भांड्यात पडला. "अम्मी, चिमणी मजबूत आहे," मी म्हणाले. ती दोर धरून वरच पाहत राहिली.

मग मी ड्रोन सावकाश फिरवून, तेवढंच अंतर राखून, अब्बा होते त्या बाजूला आणला. ते अर्ध्याच्या वर गेले होते. चित्र जवळ ओढलं. आणि चित्रात काहीतरी हलत होतं.

शिवी तोंडात आली. एवढं करूनही थरथर उरलीच, असं मला वाटलं. मी चिमणीची कड पाहिली, ती सरळ. पायऱ्या पाहिल्या, स्थिर. अब्बांची पाठ, खांद्यावरच्या दोराचं वेटोळं, उजवा पाय, सगळं जागच्या जागी. फक्त डावा पाय. प्रत्येक पायरीवर त्या पायावर भार आला की गुडघ्यापासून खालचा पायजमा थरथरायचा. वारा असता तर दोन्हीकडचं कापड हललं असतं. एकदा तो पाय पायरीवरून घसरून परत जागेवर आला. अब्बा थांबले, दोन्ही हातांनी पायरी कवटाळली, आणि पुन्हा चढायला लागले.

"अम्मी, ओढ."

तिनं का म्हणून विचारलं नाही. लगेच दोनदा ओढलं.

अब्बा थांबले. मला वाटलं, ऐकणार नाहीत. पुष्कळ वेळ ते तसेच चिकटून राहिले. मग एक पाय खाली आला, त्याच्यामागून दुसरा. खाली येताना तो पाय आणखी जास्त हलत होता आणि मी काहीच करू शकत नव्हते. मी रडत होते हे मला ड्रोन उतरवताना कळलं.

जमिनीवर आले तेव्हा ते लालबुंद झाले होते. "कडी कशी हाय?"

"मजबूत."

"पायऱ्या?"

"चांगल्या आहेत."

"मंग काहून ओढलं?"

मी मोबाइल पुढे केला. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. "अजून तुह्या मशीनची थरथर गेली नाई," ते म्हणाले.

"चिमणी पाहा, अब्बा. हलते का?"

त्यांनी चिमणी पाहिली. पायऱ्या पाहिल्या. मग त्यांचं बोट पडद्यावर त्या पायाशी येऊन थांबलं. मी पुन्हा पहिल्यापासून लावलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच लावलं.

"कवापासून होऊन राह्यलं हे?" त्यांनी विचारलं, मला नाही, अम्मीला.

"दोन वर्सं झाले," अम्मी म्हणाली. "सायकलवर टांग टाकतानी हलते. नमाजातून उठतानी बी हलते."

"आन तू चिमणी हलते म्हनत होती."

"पाय हलते म्हटलं असतं, त तुम्ही ऐकलं असतं काय?"

अब्बांनी कमरेचा दोर सोडला. चिमणीला टेकून खाली बसले, डावा पाय पुढे पसरला आणि गुडघ्यावर हात ठेवून त्याच्याकडे पाहत राहिले. बसल्यावर तो अजिबात हलत नव्हता.